घरमालकाकडची दुसरी चावी : आपण नसताना घरात शिरायचा हक्क कुणाला?

शेवंती
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (नुसती वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी आणि माझी रूममेट कर्वेनगरला भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिने, फेब्रुवारीपासून. मालक काका-काकू त्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगते. पाडव्याला श्रीखंडाची वाटी वर आली होती.

गेल्या मंगळवारी दुपारी धो धो पाऊस झाला. मी हिंजवडीला ऑफिसात, रूममेट गावी. संध्याकाळी साडेसातला दार उघडलं तर बाल्कनीतल्या दोरीवरचे सगळे कपडे माझ्या बेडवर घड्या करून ठेवलेले. सगळे म्हणजे सगळे. आतल्या कपड्यांची वेगळी छोटी चळत, वर रुमाल झाकलेला. बाल्कनीचं दार लावलेलं. सकाळी घाईत ओट्यावर टाकून गेलेली कपबशी विसळून पालथी घातलेली.

खाली जाऊन विचारलं तर काकू म्हणाल्या, "अगं, भिजले असते ना सगळे! चावी आहे की आपल्याकडे." आपल्याकडे!

'थँक्यू काकू' म्हणून वर आले आणि रात्रभर झोप नाही. त्या रुमालाने तर जास्तच कसंतरी झालं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं की हे बघायचं नसतं. मग एकेक आठवायला लागलं. एप्रिलमध्ये काका जिन्यात म्हणाले होते, "तुमच्या गीझरचं बटण चालू राहिलं होतं, बंद केलं." तेव्हा मी नुसती मान डोलावली होती.

ताईला सांगितलं तर म्हणते नशीबवान आहेस, आमचा मालक नळ गळला तरी फोन उचलत नाही. मी उगाच बाऊ करतेय का? त्यांना असं येता येतं का? मी लॅच बदललं तर चालेल का? आणि हे सगळं त्यांना न दुखावता सांगायचं कसं?

गच्चीवरचा
यात धागा काढण्यासारखं काय आहे? बाईने कपडे वाचवले, कप धुतला. चोरी केली नाही. घर त्यांचं आहे. पुण्यात मालक नीट बोलतो याचंच अप्रूप, इथे तर घड्या घालून मिळतायत आणि तरी तक्रार.

कॉटबेसिस
गच्चीवरचा, 'घर त्यांचं आहे' हे वाक्य मी सदाशिव पेठेत तीन वर्षं ऐकलंय. दर रविवारी सकाळी मालक खोलीत यायचे. खाटेखाली वाकून बघायचे, गादी उचलायचे, पंखा फिरतोय का ते हात लावून बघायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "माझ्या वास्तूत मी कधीही येईन." एकदा मी टॉवेलवर होतो. ते गादी उचलूनच गेले.

शेवंतीताई, बाऊ अजिबात नाही.

वरणभात
+१. कपड्यांचं सोडा, मला गीझरवालं जास्त खटकलं. बटण चालू राहिलंय हे कळलं कसं? म्हणजे कपड्यांच्या आधीही येणंजाणं होतंच.

वकिलीणबाई
शेवंती, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यातलं कलम २८ जेमतेम एका वाक्याचं. भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेली जागा तपासायचा मालकाला हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. बस, एवढंच. किती तास आधी, तोंडी की लेखी, महिन्यातून कितीदा, यातलं काहीही त्यात नाही. दुसरी चावी कुणाकडे असावी हेही नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंनी नीट वाचा. 'मालकाला येताच येत नाही' हे चूक. 'मालक कधीही येऊ शकतो' हेही चूक. काकू आल्या त्या तपासणीला नव्हे आणि सूचना न देता. कलम २८ त्यांच्या मदतीला येत नाही.

केंद्राने एक आदर्श भाडेकरू कायदा केलाय, मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला मंजूर केला. त्यात हेच सविस्तर आहे. २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवरून सूचना, तिच्यात येण्याचं कारण, दिवस आणि वेळ. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर यायचं नाही. आग, पूर, भूकंप असलं काही असेल तर सूचना लागत नाही. पण तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच चालतो. तरी करार लिहिताना त्यातलं उचलायला कुणाची हरकत नसते.

गच्चीवरचा
वकिलीणबाई, एक शंका. लिव्ह अँड लायसन्समध्ये माणूस भाडेकरू नसतोच ना? नुसती वापरायची परवानगी. मग परवानगी देणारा आत येऊ नये हे कुठून आलं?

वकिलीणबाई
शंका बरोबर आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचं कलम ५२ हेच म्हणतं, लायसन्सने जागेत कुठलाही हितसंबंध निर्माण होत नाही. मालक मंडळी भाडेपट्ट्याऐवजी लायसन्सचा आग्रह धरतात तो त्याचसाठी. पण म्हणूनच कलम २८ वाचताना 'भाडेकरू'पाशी थांबू नका. त्यात लायसन्सवर राहणाऱ्याचं नाव वेगळं घेतलंय. सूचना त्यालाही द्यावी लागते.

घटनाप्रेमी
खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे! सुप्रीम कोर्ट, नऊ न्यायाधीश, २४ ऑगस्ट २०१७. टाका काकूंवर रिट.

वकिलीणबाई
रिट म्हणजे हक्कांसाठी थेट वरच्या कोर्टात करायचा अर्ज, तो मुख्यतः सरकारविरुद्ध असतो. श्रीखंड पाठवणाऱ्या काकू म्हणजे राज्यसंस्था नव्हेत.

पोलिसांत जा असं सांगायला कुणीतरी येईलच, म्हणून तेही सांगून टाकते. गृह-अतिक्रमण म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मालकी कुणाची ते विचारत नाही, ताबा कुणाचा ते विचारतं. म्हणून स्वतःच्या मालकीच्या घरातही माणूस अतिक्रमण करू शकतो. पण गुन्हा ठरायला आत शिरणाऱ्याचा हेतू लागतो: दुसरा गुन्हा करायचा, धमकावायचा, अपमान करायचा, त्रास द्यायचा. पावसात कपडे काढायचा हेतू त्यात कोंबला तर ठाणे अंमलदार चहा पाजून परत पाठवेल. तेच कुणी मुली घरात असताना रात्री चावी फिरवून आत येत असेल तर त्याच कलमाला एकदम दात येतात. आणि आत कुठे कॅमेरा सापडला तर सरळ पोलीस स्टेशन, मग चर्चा नको.

जुना_ठाणेकर
मी मालक. इथे मालकांची बाजू मांडणारा कुणी दिसत नाही म्हणून लिहितो.

ठाण्यात माझा एक फ्लॅट आहे, बँकेतून निवृत्त झालो तेव्हा घेतलेला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली. आधी डाग, मग पोपडे, मग थेंब. सोसायटीचं पत्र मला. मी भाडेकरूला फोन केला, प्लंबर घेऊन येतो म्हणालो. उत्तर आलं, आज मीटिंग आहे. पुढच्या आठवड्यात, घरचे माहेरी गेलेत. त्याच्या पुढच्या आठवड्यात, तब्येत बरी नाही. असे चार महिने! माझ्याकडे दुसरी चावी होती, बरं का. खिशात चावी आणि स्वतःच्याच घराच्या दारात उभं राहून बेल वाजवायची. एकदा तर लॅचला चावी लावलीही होती. मग काढली. आत काही हरवलं-बिरवलं म्हणाला असता तर मी काय सांगणार होतो?

शेवटी रजिस्टर्ड पत्र पाठवलं. अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता प्लंबर आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यासह येतो, कारण गळती. त्या दिवशी दार उघडलं. नहाणी ट्रॅप गच्च तुंबलेला, वॉशिंग मशिनचा पाइप नुसता फरशीवर सोडलेला. आणि हॉलमध्ये तीन गाद्या. करारात नवरा-बायको, घरात माणसं सात. चार महिने दार का उघडत नव्हते ते तेव्हा कळलं. फरशी उखडून वॉटरप्रूफिंग, खालच्यांचं छत, रंग, सगळं मिळून खर्च डिपॉझिटच्या पुढे गेला.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी जातो. दोन दिवस आधी मेसेज. चपला बाहेर. बाथरूम, ओटा, बाल्कनी बघतो. कपाटं उघडत नाही, बेडरूममध्ये ते म्हणाले तरच जातो. दहा मिनिटांत बाहेर. खासगीपणाच्या नावाखाली घराची वाट लागलेली मी पाहिली आहे, तेव्हा 'मालकाने फिरकूच नये' हे मला मान्य नाही. पण शेवंती, तुमच्या काकूंनी केलं ते मी केलं नसतं.

वरणभात
ठाणेकरकाका, चावी लावून परत काढली हे आवडलं.

थमवाला
मी करार रजिस्टर करून देतो, थमचं (अंगठ्याच्या ठशाचं) मशीन घेऊन घरोघरी जातो. गेल्या महिन्यात एका घरी नवरा अंगठा देत होता आणि बायको पडद्याची मापं घेत होती. करार कुणी वाचला? कुणीच नाही. लोक तीन गोष्टी बघतात. भाडं, डिपॉझिट, आणि आपलं नाव बरोबर छापलंय का.

ऑनलाइन कराराच्या ठरीव मसुद्यात 'इन्स्पेक्शन' नावाचं कलम असतंच. मालक वाजवी सूचना देऊन, वाजवी अंतराने, स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत जागा पाहू शकेल, असं. शेवंतीताई, तुमचा पीडीएफ उघडा, 'अल्टरेशन'नंतर दोन-तीन कलमांवर सापडेल. म्हणजे तुमच्या काकांनी 'सूचना देऊन येईन' याखाली अंगठा दिलेला आहे. त्यांनाही माहीत नसेल.

'वाजवी' या शब्दावर मात्र भांडणं होतात. मी हल्ली दोन ओळी वाढवायला सांगतो. सूचना किमान २४ तास आधी, व्हॉट्सॲप चालेल. आणि दुसरी चावी कुणाकडे, कधी वापरायची. मालक कुरकुरतात पण देतात. ब्रोकर जास्त कुरकुरतो, त्याला रविवारी पार्ट्या आणून फ्लॅट दाखवायचा असतो.

अवांतर : करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, १९९९ च्या त्याच कायद्याचं कलम ५५. केला नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. 'नोटरीवर भागवू' म्हणणाऱ्या मालकांनी हे दोनदा वाचावं.

कॉटबेसिस
ब्रोकरचं अगदी खरं. आता चिंचवडला राहतो. नोटीस पिरियडमध्ये ब्रोकरने एका रविवारी पाच पार्ट्या आणल्या. शेवटच्या पार्टीतल्या आजींनी आमचा फ्रिज उघडून 'हा इथेच राहणार का' विचारलं. घर बघणं आणि घर दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?

वकिलीणबाई
आहेत. कलम २८ मालकाच्या तपासणीबद्दल आहे, गिऱ्हाइकांना फिरवण्याबद्दल नाही. त्यासाठी करारात वेगळी ओळ हवी. नसेल तर सामंजस्यावर, आणि फ्रिजला कुलूप.

श्टुटगार्टची_सून
इकडे जर्मनीत घर भाड्याने घेतलं तेव्हा मालकिणीने सगळ्या चाव्या मोजून दिल्या, कागदावर आकडा लिहून सही घेतली. एक तुमच्याकडे राहू द्या म्हटलं, आपल्या सवयीने, तर घाबरून नाही नाही म्हणाली. भाडेकरूच्या संमतीशिवाय मालकाला चावी ठेवताच येत नाही. घराची अभेद्यता इथे थेट राज्यघटनेत आहे, कलम १३. 'सहज बघून जाते' असंही चालत नाही, ठोस कारण लागतं.

इथला एक खटला आमच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे. मालकीण धुराचे सेन्सर बघायला ठरवून आली. ते झाल्यावर परवानगी नसताना बाकीच्या खोल्याही बघायला लागली, खिडकी उघडायला तिथल्या वस्तू बाजूला केल्या. भाडेकरू म्हणाला बाहेर जा. ती जाईना. तर त्याने तिला दोन्ही हातांनी कवळ घालून उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं! तिने घर खाली करायची नोटीस दिली. प्रकरण सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं आणि जून २०१४ मध्ये निकाल भाडेकरूच्या बाजूने लागला. तिने आधी मर्यादा ओलांडली, तेव्हा एवढ्यावरून त्याला घराबाहेर काढता येणार नाही, असं.

वरणभात
काकूंना उचलून खालच्या मजल्यावर नेऊन ठेवलंय असं दृश्य डोळ्यांसमोर आलं. हलके घ्या.

म्हापशेकार
कलम २८ आमच्या गोव्यात लागता काय हो?

वकिलीणबाई
नाही. गोव्याचा इमारत भाडे नियंत्रणाचा कायदा वेगळा, १९६८ चा. महाराष्ट्राची कलमं तिकडे चालत नाहीत. करारातली ओळ मात्र दोन्हीकडे कामाला येते.

गिरगावचे_आजोबा
आमच्या चाळीत दारं दिवसभर सताड उघडी. कोण कधी आलं, कोण जेवून गेलं, हिशेब नसे. नवीन पिढीला चावीचं एवढं वाटतं याची आधी गंमत वाटली. मग आठवलं, प्रत्येकाची एक ट्रंक असे. माझ्या आत्याची खाटेखाली होती, हिरवी, वर गुलाबाचं चित्र. कुलूप नव्हतं, नुसती कडी. अकरा माणसांच्या खोलीत ती ट्रंक तिच्याशिवाय कुणी उघडली नाही. ती गेल्यावर उघडायची वेळ आली तर माझे वडील म्हणाले, बायकांनी उघडा.

शेवंतीबाळ, तुझी ट्रंक दोन खोल्यांची आहे एवढंच.

गच्चीवरचा
आजोबा, हे पटलं. माझा पहिला प्रतिसाद जरा उद्धट होता, मागे घेतो. पण लॅच गुपचूप बदलणं मला अजूनही बरोबर वाटत नाही. गॅस लीक झाला, नळ उघडा राहिला तर काय दार फोडायचं?

वकिलीणबाई
गुपचूप नकोच. मसुद्यातलं 'अल्टरेशन'चं कलम बांधकाम आणि मांडणी बदलण्याबद्दल आहे. लॅचचा सिलिंडर (चावी फिरते तो आतला भाग) बदलणं त्यात बसतं की नाही यावर दोघेही वाद घालू शकतात, मग घालायचाच कशाला? मेसेज करून विचारायचं, जुना सिलिंडर जपून ठेवायचा, जाताना परत बसवून द्यायचा. आणि आत असताना कडी लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

जुना_ठाणेकर
त्याहून सोपं सांगतो. आमच्या बँकेत दुसऱ्या चाव्या पाकिटात सील करून ठेवत. पाकिटाच्या तोंडावर आडव्या सह्या. फोडलं तर कळतं, आणि फोडणाऱ्याला कारण लिहावं लागतं. शेवंती, चावी त्यांच्याकडेच राहू दे, पण अशा पाकिटात. आग लागली, पाणी वाहिलं, फोडा. बाकी वेळी बेल.

वकिलीणबाई
हे कुठल्याच कायद्यात नाही आणि कायद्यापेक्षा बरं आहे. शेवंती, कर हेच.

शेवंती
सगळ्यांचे आभार. अपडेट द्यायला तीन आठवडे लागले.

शनिवारी कांदाभजी घेऊन खाली गेले. करारातलं 'इन्स्पेक्शन' फोनवर दाखवलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे आम्हीच लिहून दिलंय?" त्यांना पाकिटाची कल्पना फारच आवडली. स्वतःच जाऊन खाकी पाकीट आणलं, लाख नाही म्हणून हळहळले, मग सेलोटेप लावून त्यावर सही केली. माझीही घेतली. तारीख घातली.

काकूंचं वेगळं. त्यांनी भजी खाल्ली नाहीत. "तुझ्या आईने काढले असते कपडे तर?" म्हणाल्या. मी म्हटलं, आई येण्याआधी फोन करते काकू. हे खरं आहे, पण बोलायला नको होतं असं जिना चढताना वाटलं. चार दिवस त्या दिसल्या की आत जायच्या. मी जिन्यात मुद्दाम चपला वाजवत जायचे, बोलतील म्हणून. पाचव्या दिवशी कोथिंबीर आहे का विचारायला आल्या. बेल वाजवून. मी आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, कोथिंबीर घेतली आणि गेल्या. ते मला अजून टोचतंय.

काल दुपारी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन. "अगं, पाऊस आलाय जोरात. दोरीवर काही आहे का? पाकीट फोडू?"

दोरीवर दोन चादरी होत्या. मी म्हटलं, राहू द्या काकू, भिजू देत.

"बरं," म्हणाल्या. आणि मग, "गीझर?"

बंद आहे, म्हटलं.

थमवाला
रिन्यूअलला मीच येतो मशीन घेऊन. मसुद्यात 'सेलोटेप लावलेले खाकी पाकीट' कुठल्या कलमात घालायचं ते तेवढं वकिलीणबाईंनी सांगावं.